मोठ्या जहाजाच्या मॉडेलसाठी पेटी : वरून उतरवू नका, बाजूने सरकवा

वरून ठेवायच्या पेटीत डोलकाठी आणि अँटेना हमखास मोडतात. हात जरासा तिरका झाला तरी पुरतं.

मापं आयएनएस विक्रांतच्या 1:350 (खऱ्या जहाजाच्या 350 पट लहान) मॉडेलची धरली आहेत : लांबी 75, रुंदी 18, उंची साधारण 17 सेंमी. चहूबाजूंनी 5 सेंमी मोकळी जागा हवीच.

1. 12 मिमी प्लायची फळी कापा, 85 × 28 सेंमी.
2. जहाजाच्या तळात आतून दोन एम4 (4 मिमी बोल्टचे) नट इपॉक्सी गोंदाने बसवा. डेक चिकटवण्याआधीच, नंतर हात पोचत नाही. फळीखालून मोठा वॉशर घालून बोल्ट हाताने पिळा, मग पाव फेरा. जास्त आवळलं की प्लास्टिकला तडा जातो. बोल्टचं डोकं खालून खाच करून आत बुडवा, नाहीतर फळी अडकेल.
3. 6 मिमी प्लायची पेटी, आतून 86 × 29 × 26 सेंमी. पुढची लांब बाजू उघडी ठेवून तिथे खिट्ट्यांचं झाकण लावा.
4. पेटीच्या आत दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या लावा. फळी त्यांच्याखाली सरकली पाहिजे, म्हणजे ती उचलली जात नाही. झाकणाच्या आत खालच्या कडेला फोमची पट्टी चिकटवा. ती फक्त फळीला दाबेल.
5. हँडलला आरपार बोल्ट आणि वॉशर लावा. 6 मिमी प्लायमधून स्क्रू उपटून येतात.

मॉडेलभोवती स्पंज कोंबू नका : बारीक रेलिंग त्यात अडकतं आणि स्पंज काढताना सोबत निघून येतं.