झीटा रेटिक्युली: दोन सूर्य बघायला निघण्याआधी

सगळ्यात आधी आपला अक्षांश बघून ठेवा, कारण बाकीची तयारी त्या एका आकड्यावर उभी आहे. झीटा रेटिक्युली ही ताऱ्यांची जोडी दक्षिण खगोलात उणे साडेबासष्ट अंश क्रांतीवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या तेवढे अंश दक्षिणेला आहे. साडेसत्तावीस अंश उत्तर अक्षांशाच्या वर राहणाऱ्याला ती कधीच उगवलेली दिसत नाही. त्याच्या खाली असाल तर साडेसत्तावीसातून आपला अक्षांश वजा करा. जेवढे अंश उरतील तेवढीच ती क्षितिजापासून जास्तीत जास्त वर येते: वीस अंश उत्तरेवर साडेसात, दहा अंशांवर साडेसतरा, विषुववृत्तावर साडेसत्तावीस. दक्षिण गोलार्धात साडेसत्तावीस अंशांच्याही पलीकडे गेलात, तर ती मावळतच नाही.

हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते. म्हणजे वीस अंशांच्या आसपास राहणाऱ्यांना जे काही बघायचं ते क्षितिजावरच्या एका मुठीच्या आतच. म्हणून जागा ठरवताना डोक्यावरचं आकाश किती काळं आहे याला फारसा अर्थ नाही. दक्षिण क्षितिज बघा. तिकडे झाडं, टेकडी, इमारत नको, आणि दूरच्या गावाच्या दिव्यांचा उजेडही नको. तो उजेड क्षितिजालगतच पसरतो आणि आपले तारे नेमके तिथेच असतात. दिवसा एकदा जाऊन दक्षिणेकडे मूठ धरून बघितली की जागा चालेल की नाही ते लगेच कळतं.

मग तारीख. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ही जोडी मध्यरात्री याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे बरोबर दक्षिणेला आणि सर्वांत उंच असते. तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, महिन्याला दोन तास. त्यामुळे १० डिसेंबरच्या सुमारास ही वेळ रात्री दहाची, डिसेंबरअखेर नवाच्याही आत आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आठची होते. या वेळा स्थानिक सौरवेळेच्या आहेत, घड्याळात थोडा फरक पडेल. उत्तर गोलार्धातून बघताना त्या क्षणाच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास एवढाच काळ कामाचा. वीस अंश उत्तरेवर दोन तासांनी उंची साडेसातावरून चारच्या आसपास येते आणि तिथे हवेचा थर फार जाड असतो. रात्र अमावस्येच्या जवळची निवडा. धुकं आणि धूळ असेल तर सरळ पुढची रात्र धरा.

उपकरण साधं चालतं. झीटा-२ हा ५.२ प्रतीचा तारा, झीटा-१ हा ५.५ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका लहान तितका तारा ठळक). उंच आणि अंधाऱ्या आकाशात हे नुसत्या डोळ्यांना दिसतात, पण क्षितिजाजवळ हवा त्यांचा प्रकाश खाऊन टाकते आणि साडेसात अंशांवर ते सहज दीड प्रतीने मंद होतात. म्हणून १०×५० चं बायनॉक्युलर घ्या आणि ते ट्रायपॉडवर बसवा. ट्रायपॉडचा आग्रह यासाठी, की मंद तारा हलत्या हातात दिसतो-न-दिसतो असा होतो आणि आपण बघितलं की भास झाला हे कळत नाही. मोठी दुर्बीण असेल तर उत्तम, पण तिच्यावाचून अडत नाही. दोघांमधलं कोनीय अंतर ३१० विकला, म्हणजे पाच कलांहून किंचित जास्त आहे (कला हा अंशाचा साठावा भाग, विकला हा कलेचा). दहापट वर्धनात ते बावन्न कला होतं, पूर्णचंद्राच्या व्यासाच्या दीडपटीहून जास्त. जोडी फोडायला काहीच त्रास नाही, ती शोधणं हेच काम.

डोळ्यांची उजळणी मात्र आधीच्या महिन्यांत करून घ्या. सप्तर्षीतल्या वसिष्ठ-अरुंधतीत बारा कलांचं अंतर आहे, ते नुसत्या डोळ्यांनी बघा. मग मकरेतला आल्फा, जिथे दोन तारे सव्वासहा कलांवर आहेत, तोही बायनॉक्युलर न लावता सुटा होतो का ते बघा. हे जमलं तर पाच कला म्हणजे किती, याचा अंदाज डोळ्यांत बसतो. दक्षिणेकडे राहणाऱ्यांना स्वच्छ आकाशात झीटाची जोडीसुद्धा नुसत्या डोळ्यांनी वेगळी करता येते. त्यांनी ती संधी सोडू नये.

वाट पाठ करायची आहे, नकाशात बघत बघत शोधायची नाही. लाल दिव्यातही वर-खाली मान करून डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडतो. अगस्त्य आणि अग्रनद या दोन ठळक ताऱ्यांमध्ये सुमारे एकोणचाळीस अंशांचं अंतर आहे. त्याचा मध्य काढलात की तुम्ही रेटिक्युलम तारकासमूहाच्या छोट्या शंकरपाळीच्या आकृतीत येता. आल्फा रेटिक्युली तिथला सर्वांत ठळक तारा, ३.३ प्रतीचा. तिथून नैऋत्येला ३.८ प्रतीचा बीटा. बीटा बायनॉक्युलरमध्ये आला की झीटाही त्याच क्षेत्रात असतो, साधारण पावणेचार अंशांवर, वायव्येला. मध्ये ४.७ प्रतीचा कापा लागतो. कापाच्या पश्चिमेला दीड अंशाच्या आत सारख्या तेजाचे दोन तारे जवळजवळ दिसले की तेच आपले.

रेटिक्युलम या नावाविषयी एवढं ध्यानात असू द्या, की निकोला-लुई द लाकाय याने १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होपहून दक्षिणेचे तारे मोजले, आणि दुर्बिणीच्या नेत्रिकेत ज्या तारांच्या जाळीवर तो ताऱ्यांची स्थानं मोजत असे तिच्यावरून हे नाव दिलं. मोजमापाच्या हत्याराचं नाव असलेल्या तारकासमूहात मोजून बघण्यासारखी जोडी मिळावी, याचा मला दर वेळी आनंद होतो.

जोडी सापडली की घाई न करता कोण कुठला ते ठरवा. याम्योत्तरावर असताना दक्षिणेकडे तोंड केलं, तर वर डावीकडचा किंचित जास्त तेजस्वी तो झीटा-२ आणि खाली उजवीकडचा झीटा-१. क्रमांक तेजावरून नाही, पश्चिमेकडून पूर्वेकडे या क्रमाने दिलेले आहेत, म्हणून मंद ताऱ्याला १ मिळाला. यादीत शोधत असाल तर झीटा-१ म्हणजे एचडी २०७६६ आणि झीटा-२ म्हणजे एचडी २०८०७. रंगाकडे फार लक्ष देऊ नका. क्षितिजाजवळ दिसणारा तांबूसपणा हवेचा असतो, ताऱ्यांचा नव्हे.

आता तयारीचा तो भाग, जो बहुतेक लोक सोडून देतात आणि ज्याच्याशिवाय समोर दिसतात ते नुसते दोन ठिपके: घरून गणित करून निघा. आपल्यापासून या जोडीचं अंतर आहे १२ पारसेक, म्हणजे ३९ प्रकाशवर्षं. पारसेकच्या व्याख्येतच सोय अशी आहे की कोन विकलांत आणि अंतर पारसेकमध्ये घेऊन गुणाकार केला की उत्तर थेट खगोलीय एककांत, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतरांत मिळतं. ३१० गुणिले १२ म्हणजे ३,७२०. दोन ताऱ्यांमध्ये निदान एवढी पृथ्वी-सूर्य अंतरं आहेत. निदान म्हणायचं, कारण एक तारा दुसऱ्यापेक्षा आपल्या किती जवळ किंवा दूर आहे ते या कोनात दिसत नाही. नेपच्यून सूर्यापासून ३० एककांवर आहे, म्हणजे ही जोडी त्याच्या सव्वाशे पट दूर दूर राहून एकमेकांभोवती फिरते. एकाचा प्रकाश दुसऱ्यापर्यंत जायला तीन आठवडे लागतात. एका फेरीचा काळ केप्लरच्या नियमाने काढा. दोघांची मिळून सुमारे दोन सूर्यांची वस्तुमानं धरली, तर दीड-पावणेदोन लाख वर्षं येतात.

आणखी एक आकडा वहीत लिहून घ्या, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आपला सूर्य दहा पारसेकवरून ४.८ प्रतीचा दिसेल. बारा पारसेकवर नेला की तो ५.२ प्रतीचा होतो. झीटा-२ आपल्याला ५.२ प्रतीचाच दिसतो. म्हणजे बायनॉक्युलरमधला तो वरचा ठिपका तेजाने जवळपास तसाच आहे, जसा तिथून बघणाऱ्याला आपला सूर्य दिसेल. तिथल्या आकाशात सूर्य कालेय तारकासमूहाच्या दिशेला असेल आणि काळोख्या जागी जाऊन शोधल्याशिवाय सापडणार नाही. उलट झीटा-१ जवळच्या एखाद्या ग्रहावरून झीटा-२ बघितला तर? ३,७२० चा वर्ग एक कोटी अडतीस लाख, तेवढ्या पटीने सूर्य मंद करा. तो उणे ८.९ प्रतीचा येतो: शुक्राच्या पन्नास पट झगझगीत, पौर्णिमेच्या चंद्राच्या तिसाव्या हिश्शाइतका, आणि तरीही बिंदूच, कारण त्याची तबकडी अर्ध्या विकलेची. रात्री सावली पाडणारा बिंदू. हे मनाशी पक्कं करून डोळा लावलात, तर ते दोन ठिपके पुन्हा नुसते ठिपके वाटत नाहीत.

दोघं सूर्यासारखे, पण सूर्याची नक्कल नव्हेत. दोघंही जी वर्गातले, म्हणजे वर्णपटावरून सूर्याच्याच वर्गातले, वस्तुमान सूर्यापेक्षा किंचित कमी, आणि लोहाचं प्रमाण सूर्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. एकत्र जन्मलेले असूनही दोघांत फरक आहेत. झीटा-१ चुंबकीय दृष्ट्या जास्त सक्रिय आहे. २०१६ मध्ये झालेल्या सूक्ष्म वर्णपटीय मोजणीत असंही दिसलं की खडक ज्यांचे बनतात ती मूलद्रव्यं झीटा-२ मध्ये झीटा-१ पेक्षा किंचित कमी आहेत. याला एक उत्तर तयार होतं. २०१० मध्ये हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून झीटा-२ भोवती सुमारे शंभर एककांवर थंड धुळीचं कडं असल्याचं जाहीर झालं होतं, तेव्हा हरवलेला ऐवज तिथल्या खडकांत अडकला असेल, असं म्हणता येत होतं. पण हा तारा आकाशात वर्षाला दीड विकला सरकतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आल्मा दुर्बिणीच्या निरीक्षणांत दिसलं की कड्याचे मानलेले ठळक भाग ताऱ्याबरोबर सरकलेले दिसत नाहीत, म्हणजे ते बहुधा मागच्या दूरच्या आकाशगंगांचे असावेत. निघण्याआधी एवढी गोष्ट वाचून जा. ताऱ्याच्या सरकण्याचा आधार घेऊन पुरावा कसा तपासतात याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो. ग्रहांचं म्हणाल तर १९९६ मध्ये झीटा-२ भोवती एक सापडल्याचं वाटलं होतं आणि ते लगेच मागे घेतलं गेलं.

सोबत कुणी असेल तर परग्रहवासीयांचा प्रश्न हमखास येतो, त्याची तयारी ठेवा. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये बेटी आणि बार्नी हिल या दांपत्याने आपलं अपहरण झाल्याचं सांगितलं. बेटीने नंतर काढलेल्या ताऱ्यांच्या नकाशाशी मार्जोरी फिश यांनी झीटा रेटिक्युलीचा मेळ घातला आणि १९७४ मध्ये अ‍ॅस्ट्रोनॉमी मासिकाने तो विषय छापल्यावर चर्चा पेटली. कार्ल सेगन यांनी तेव्हाच दाखवलं की रेषा काढून टाकल्या तर उरलेल्या ठिपक्यांत साम्य राहत नाही. हिप्पार्कस या उपग्रहाने ताऱ्यांची अंतरं नेमकी मोजल्यावर त्या मांडणीतल्या काही ताऱ्यांच्या जागाही बदलल्या. पाहुण्यांना हे शांतपणे सांगा आणि बायनॉक्युलर त्यांच्या हातात द्या.

कॅमेरा नेणार असाल तर ५० मिमीची लेन्स पुरते. या क्रांतीवर तारे सेकंदाला फक्त सात विकला सरकतात, खगोलीय विषुववृत्तावरच्या ताऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे माग न ठेवणाऱ्या साध्या ट्रायपॉडवर दहा सेकंदांचं छायाचित्र घेतलं तरी दोन्ही तारे सुटे उमटतात.

वहीत वेळ, क्षितिजापासूनची उंची मुठीच्या मापात, दोघांपैकी कोणता आधी दिसला आणि बीटा किती ठळक होता ते लिहा. बीटाची नोंद अशासाठी, की झीटा दिसला नाही तर दोष हवेचा होता की वाटेचा, हे तिच्यावरून कळतं.

आणि साडेसत्तावीस अंशांच्या उत्तरेला राहत असाल, तर याच गणिताने १६ सिग्नी बघायची तयारी करा. हंस तारकासमूहातली सहाव्या प्रतीची ही जोडी सुमारे ६९ प्रकाशवर्षांवर आहे. दोघंही सूर्यासारखे, आणि दुसऱ्याभोवती खरोखरच ग्रह आहे, १९९६ मध्येच सापडलेला. फक्त तिथे अंतर ३९ विकलांचं, म्हणून बायनॉक्युलरऐवजी छोटी दुर्बीण न्या.