अ‍ॅल्युमिनियमवरचा रंग सोलून निघतोय? आधी पापुद्र्याची पाठ बघा, मग या चुका टाळा

रंग उडाला की पहिला दोष डब्यावर जातो, दुसरा रंगाऱ्यावर. दोघांनाही जरा बाजूला ठेवा. सुटलेला एक पापुद्रा नखाने उचलून उलटा करा. पाठ गुळगुळीत आणि खालचा धातू लख्ख असेल, तर रंग तेलकट किंवा न घासलेल्या पत्र्यावर बसला होता. पाठीला पांढरी भुकटी असेल, तर सोडा-अ‍ॅसिड नीट धुतलं गेलं नव्हतं किंवा ओलावा शिरून धातू खाल्ला जातोय. प्रायमर घट्ट आणि वरचाच थर सुटत असेल, तर प्रायमर उन्हात भाजलाय किंवा दोन थरांत फार दिवस गेलेत. निदान इथेच निम्मं होतं.

लोखंडाचा गंज झडतो, अ‍ॅल्युमिनियमचा चिकटून बसतो. हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. धातू 660 अंशांना वितळतो, पण हा थर वितळायला 2000 अंशांच्या वर जावं लागतं, इतका तो चिवट. त्याचा त्रास नाही. त्रास जुन्या, ओलावा प्यायलेल्या, तेल-धूळ बसलेल्या थराचा. तो काढायचा आणि नवा थर मळायच्या आत प्रायमर मारायचा. सगळी तयारी या क्रमावर आणि वेळेवर उभी आहे.

घासण्यापासून सुरुवात करणं

सर्वांत जास्त कामं इथेच बिघडतात. नव्या सेक्शनवर (खिडकी-दाराच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर) कापतानाचं ऑइल असतं, संरक्षक टेपचा गोंद असतो, हाताचा घाम असतो. त्यावर थेट पॉलिश पेपर फिरवला की तेल निघत नाही, ओरखड्यांत भरलं जातं. म्हणून आधी तेल, नंतर पेपर. दोन स्वच्छ सुती फडकी घ्या: एक थिनरने ओलं, दुसरं कोरडं. थिनर उडायच्या आत कोरड्याने पुसा, नाहीतर विरघळलेलं तेल तिथेच परत बसतं. फडकं मळलं की टाकून द्या. रॉकेल आणि डिझेल नको, त्यांचाच तेलकट थर मागे राहतो.

स्लायडिंग खिडक्यांना आणखी एक भानगड, सिलिकॉन. काचेच्या कडेचं सिलिकॉन पुसताना सेक्शनभर पसरतं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. ते आधी ब्लेडने काढा, मग सिलिकॉन रिमूव्हर.

तेल गेलं की नाही, हे पाणी सांगतं. पत्रा उभा धरून पाणी ओता. सलग पडदा अर्धा मिनिट टिकला तर ठीक, थेंब-थेंब फुटले तर पुन्हा पुसा. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. शेवटचा हात बॅटरीच्या पाण्याने (डिस्टिल्ड वॉटर, अ‍ॅसिड नव्हे) फिरवा.

लोखंडाची हत्यारं

ग्रिलवर फिरवलेला तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरची तीच डिस्क अ‍ॅल्युमिनियमवर चालवली की लोखंडाचे कण त्यात रुततात, आणि पाऊस लागला की तिथून कुजायला सुरुवात. ‘त्याले काय व्हस, भो?’ असं वर्कशॉपमध्ये विचारतात. पहिल्या पावसाळ्यात कळतं काय होतं ते. मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट किंवा 240 ते 320 नंबरचा पेपर पुरे. 80 नंबरचे ओरखडे रंगातूनही दिसतात. ओलं घासा, धूळ नाकात कमी जाते. कोरड्या धुळीजवळ लोखंड घासू नका, ठिणगीने ती पेट घेते.

सेक्शन अ‍ॅनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने जाड ऑक्साइड थर चढवलेला) आहे का, हे मल्टीमीटरने पाहा. दोन टोकं टेकवूनही बीप आला नाही, तर थर आहे. तो फोडायची गरज नाही, हलकं घासून तेल काढलं की झालं.

सोडा आणि टॉयलेट क्लीनर

कॉस्टिक सोड्यात अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन सोडत विरघळतो आणि वर काळी काजळी धरते. टॉयलेट क्लीनरमधलं अ‍ॅसिडही धातू खातं. केमिकल लागलंच तर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं अ‍ॅल्युमिनियम क्लीनर, लेबलप्रमाणे पातळ करून, वाळू न देता, भरपूर पाण्याने धुऊन. हातमोजे आणि चष्मा हवाच.

ग्रिलचा उरलेला प्रायमर

रेड ऑक्साइड लोखंडासाठी. अ‍ॅल्युमिनियमवर तो धरत नाही. शेंदऱ्याचा प्रायमर तर नकोच, त्यातलं शिसं धातूला कुजवायला मदत करतं. एच (etch) प्रायमर, ज्याला वॉश प्रायमरही म्हणतात, मारा किंवा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर. एच प्रायमर अगदी पातळ, आठ-दहा मायक्रॉनचा. खालचा धातू दिसत राहिला पाहिजे. जाड मारला की आतलं अ‍ॅसिड कोंडतं. त्यावर थेट पुट्टी भरू नका, आणि इपॉक्सी मारायचं असेल तर डब्यावरची सूचना आधी वाचा. घासल्यावर त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे, शक्यतो चार तासांत.

मे महिन्याची दुपार

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. स्प्रे गनमधून निघालेला रंग पोहोचेपर्यंत थिनर उडतो आणि पत्र्यावर भुकटी बसते. हात टेकवता येत नसेल, तर रंगवू नका. सावलीत, पहाटेनंतरच्या दोन-तीन तासांत काम उरका. दुपारी वाऱ्याबरोबर शेतातली माती उडते, ती वेगळीच. उलट हिवाळ्यात धुळे-नंदुरबारकडे सकाळी पत्रा गार आणि दवाने ओला. पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) निदान 3 अंश गरम होईपर्यंत थांबा. पावसाळ्यात आर्द्रता 85 टक्क्यांवर असेल, तर गन धुऊन ठेवा.

कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं ब्रशने आधी रंगवा. रंगाखाली अळीसारख्या रेषा धावतात त्या तिथूनच. स्क्रू स्टेनलेसचे, खाली नायलॉनचा वॉशर.

खात्री करायची तर त्याच पद्धतीने एक तुकडा आधी रंगवा. आठवड्याने ब्लेडने दोन मिलिमीटर अंतराच्या सहा आडव्या, सहा उभ्या रेघा मारा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले, तर खिडक्यांना हात लावू नका, पुन्हा तेलापासून सुरू करा. पीयू (पॉलीयुरेथेन) रंग हाताला काही तासांत वाळलेला वाटतो, पण पूर्ण कडक व्हायला सात दिवस लागतात. तोवर शटर घासून सरकवू नका.