कॅपाडोकियात पहाटेचं बलून: कोल्हापुरातून निघण्याआधी या चुका टाळा

तुर्कस्तानच्या आठ-दहा दिवसांच्या सहलीत कॅपाडोकियाला एकच मुक्काम ठेवला असेल, तर आधी ते वेळापत्रक बदलून घ्या, मग पुढचं वाचा. महालक्ष्मी एक्सप्रेस उशिरा का होईना, सुटते. गरम हवेच्या बलूनचं तसं नाही. वाऱ्याची साथ नसेल तर ते जमिनीवरून उठतच नाही, आणि त्या दिवशी हातात दुसरी पहाट नसेल तर विषय संपला. बलूनबाबत होणाऱ्या बहुतेक चुका याच एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यानं होतात.

एक मुक्काम, आणि बलून शेवटच्या दिवशी

गोरेमे या कॅपाडोकियातल्या गावाच्या परिसरात आज उड्डाण होणार की नाही, हे बलून कंपनी ठरवत नाही. तो निर्णय तिथलं नागरी विमान वाहतूक खातं पहाटे उजाडायच्या आत जाहीर करतं. हिरवी खूण म्हणजे उडा, पिवळी म्हणजे थांबा, लाल म्हणजे बंद. लाल लागली की त्या विभागात सगळ्यांचंच बंद. त्यामुळे “बाकीच्यांचं राहू दे, आमचं बलून नक्की जाणार” असं कोणी सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नका.

किमान तीन रात्री ठेवा आणि बलून पहिल्या पहाटेला घ्या. लाल लागलीच तर दोन पहाटा शिल्लक राहतात. कोल्हापूरकरांना याचा आणखी एक फायदा आहे. तुर्कस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. कोल्हापुरात सहाला उठणारा माणूस तिथं पहिले दोन दिवस साडेतीनलाच टक्क जागा होतो. जूनमध्ये गोरेमेत सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो आणि हॉटेलवर गाडी चारच्या आगेमागे येते, म्हणजे आपले साडेसहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शरीर तिथल्या वेळेला रुळलं की तेच उठणं जिवावर येतं. डिसेंबरात सूर्योदय जवळपास आठला असतो. त्यामुळे “पहाटे चारला तयार राहा” हे सहलीच्या कागदावर छापलेलं वाक्य बाराही महिने खरं धरू नका. आदल्या संध्याकाळी नेमकी वेळ विचारा, आणि फोनचा गजर भारतीय वेळेवर राहिला नाही ना, हेही बघा.

हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, सलग तीन-चार दिवस उड्डाणं बंद राहू शकतात. बर्फ पडलेल्या दऱ्या वरून देखण्या दिसतात हे खरं, पण निव्वळ बलूनसाठी जात असाल तर उन्हाळ्याचा शेवट आणि शरद ऋतू जास्त भरवशाचे.

“आभाळ निरभ्र आहे, मग बंद का?”

अंगणात उभं राहून हवा बघणं ही दुसरी चूक. जोतिबाच्या पायथ्याला झाडाचं पान हलत नसताना माथ्यावर खांद्यावरचं उपरणं सांभाळावं लागतं, हे आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. कॅपाडोकियातही तसंच. जमिनीवर शांत, तीनशे मीटरवर जोराचा वारा, आणि उतरायच्या वेळेला तो वारा खाली येण्याचा अंदाज असेल तर लाल खूण लागते. धुकं असेल तरीही लागते. फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये दिसतो तो साधारण जमिनीलगतचा वारा. त्यावरून वाद घालून उपयोग नाही.

बलूनला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात दोनच गोष्टी: बर्नर पेटवून वर जाणं, आणि हवा थंड होऊ देऊन किंवा माथ्यावरची झडप दोरीनं उघडून खाली येणं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेनं वाहतो, आणि त्यातली हवी ती दिशा शोधत पायलट खालीवर करत राहतो. रात्रभर गार झालेली जड हवा पहाटे दऱ्यांमधून उताराकडे हळूहळू सरकत असते. तिच्यावर बलून सोडून पायलट तिथल्या दगडी सुळक्यांच्या अगदी जवळून नेतो. ऊन चढून जमीन तापली की गरम हवेचे झोत उठू लागतात आणि हे सगळं गणित विस्कटतं. उड्डाण पहाटेच का, याचं कारण हेच. म्हणूनच “आम्हाला अमुक दरीवरून न्या” असा आग्रह पायलटकडे धरून चालत नाही.

तिकिटावर काय लिहिलंय ते न वाचणं

“कॅपाडोकिया बलून” या नावाखाली किमान चार ठिकाणची उड्डाणं विकली जातात. फोटोत दिसतात ते सुळके बहुतेक गोरेमे भागातले. चात, सोआनली आणि इहलारा इथूनही बलून उडतात आणि ती सहसा स्वस्त असतात. सोआनली किंवा इहलारा म्हणजे तासभर किंवा अधिक गाडीचा प्रवास, आणि वेगळं दृश्य. त्या दऱ्या वाईट नाहीत, इहलाराचा घळईसारखा कडा तर बघण्यासारखाच. पण डोळ्यासमोर गोरेमे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: उड्डाणाचं ठिकाण, पहिली फेरी की दुसरी, आणि बलूनखालच्या टोपलीत माणसं किती. दुसरी फेरी सूर्य वर आल्यावर निघते. तिला “सनराइज” म्हणून विकलं तरी सूर्योदय तुम्ही जमिनीवरूनच बघणार. टोपल्या साधारण सोळा ते अठ्ठावीस माणसांच्या असतात. नेहमीचं उड्डाण पाऊण ते एक तासाचं.

परताव्याची अटही तेव्हाच विचारा. उड्डाण बंद राहिलं तर पूर्ण पैसे परत किंवा पुढची तारीख, ही तिथली रीत आहे. पण तुम्ही पैसे मधल्या एजंटला दिले असतील, तर परत मिळायचेही त्याच्याकडूनच. एक गोष्ट हमखास निसटते. प्रवास विम्यात साहसी खेळ सहसा वगळलेले असतात आणि बऱ्याचदा बलून त्यातच मोडतं. पॉलिसीतलं ते कलम शोधून वाचा. व्हिसाही आधी बघून घ्या. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशाचा चालू व्हिसा वा निवास परवाना असेल तरच मिळतो. बाकीच्यांना व्हिसा केंद्रात अर्ज करावा लागतो.

कोल्हापुरी चप्पल हॉटेलवरच ठेवा

फोटोसाठी नऊवारी, फेटा आणि पायात कोल्हापुरी, अशी तयारी करून जाणारी मंडळी असतात. हौस समजू शकते, पण टोपलीचा विचार करा. टोपली वेताची, कड छातीपर्यंत, दार नाही. बाहेरच्या बाजूला पाय अडकवायला भोकं ठेवलेली असतात, त्यात पाय रोवून वर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. कोल्हापुरीचा अंगठा त्या भोकात अडकतो, टाच निसटते, आणि दवानं ओल्या गवतावर तिचा गुळगुळीत तळवा घसरतो. उतरताना शेतातली ढेकळं, खुरटी झुडपं नाहीतर द्राक्षाचा मळा असू शकतो. पाय पूर्ण झाकणारे, सपाट तळाचे, लेस बांधायचे बूट घाला. साडीऐवजी पॅंट किंवा सलवार. ओढणी आणि पदर गळ्याभोवती मोकळे सोडू नका. फुगा भरायच्या मोठ्या पंख्याजवळ लोंबतं कापड हा खरा धोका आहे.

थंडीचा अंदाजही बऱ्याच जणांचा उलटा असतो. वर गेल्यावर गारठू, अशी धास्ती असते. प्रत्यक्षात टोपली वाऱ्याच्याच वेगानं जाते, त्यामुळे वर वारा अंगाला लागतच नाही, आणि डोक्यावर बर्नर असतो. गारठा लागतो तो खाली, फुगा भरेपर्यंत दव पडलेल्या मैदानात उभं राहताना. गोरेमे समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर, म्हणजे कोल्हापूरच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्येसुद्धा पहाटे तापमान एक आकडी असू शकतं, आणि हिवाळ्यात ते शून्याखाली जातं. संध्याकाळी रंकाळ्यावर घालतो तो स्वेटर तिथं पुरत नाही. एकावर एक तीन थर, जाड मोजे, आणि सुती किंवा लोकरीची टोपी घ्या. टोपी थंडीपेक्षा बर्नरच्या धगीसाठी जास्त लागते, उंच माणसांना तर नक्कीच. फेटा उतरल्यावर बांधा आणि मग हवे तितके फोटो काढा.

टोपलीतल्या जागेवरून भांडण

मोठी टोपली आतून कप्प्यांत विभागलेली असते. मधल्या कप्प्यात पायलट आणि गॅसच्या टाक्या, चार कोपऱ्यांत प्रवासी. कोण कुठं उभं राहणार, हे कर्मचारी वजन बघून ठरवतात. “आम्ही सगळे एका कप्प्यात” म्हणून मध्येच अदलाबदल करू नका, तोल बिघडतो. कोपऱ्यासाठी धडपडायचंही कारण नाही. फुग्याच्या बाजूला असलेल्या फटी उघडून पायलट बलून स्वतःभोवती फिरवतो, त्यामुळे प्रत्येक बाजूला सगळं दृश्य मिळतं. पूर्वेला एर्जियेस पर्वत, ३९१७ मीटर, आभाळ स्वच्छ असेल तर ठळक दिसतो.

हे सुळके त्या परिसरातल्या ज्वालामुखींच्या राखेतून झाले. आपला पन्हाळा ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो वाहत्या लाव्हाचा. इथं राख साचून मऊ दगड झाला. त्याच्यावर जिथं टणक दगडाची टोपी राहिली तिथला खांब टिकला, आजूबाजूचा पावसापाण्यानं झिजून गेला. तुर्की लोक त्याला “पेरी बाजासी” म्हणतात, परीचं धुराडं. त्यातली पेरी म्हणजे आपली परीच. बलून कड्याजवळ आलं की दगडात खोदलेली छोटी चौकोनी भोकं बघा. ती कबुतरांची खुराडी. त्यांची विष्ठा शेतकरी द्राक्षाच्या मळ्यांना खत म्हणून घालत. फोनच्या पडद्यात डोकं घालून बसलात तर नेमकं हेच निसटतं.

फोनचं बोलायचं तर, तो मनगटाला दोरीनं बांधा. वरून पडलेला फोन खालच्या माणसाच्या डोक्यात बसू शकतो. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते, म्हणून निघेपर्यंत फोन आतल्या खिशात ठेवा. बर्नर पेटला की उजेड एकदम बदलतो आणि कॅमेरा गोंधळतो. पडद्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा.

उतरताना उडी मारणं

सगळ्यात गंभीर चूक ही, म्हणून इथं थोडं सविस्तर. फुग्यातली हवा शंभर अंशांच्या आसपास तापवलेली असते. तिचा एक घनमीटर साधारण पाव किलो वजन उचलतो. वीस-एक माणसांच्या बलूनचा फुगा अकरा हजार घनमीटरच्या घरात असतो, आणि फुगा, टोपली, टाक्या व माणसं हे सगळं वजन त्या पाव-पाव किलोच्या हिशेबावर तोललेलं असतं. टोपली जमिनीला टेकली न टेकली तोच सत्तर किलोचा एक माणूस बाहेर पडला, तर बलून तेवढ्यानं हलकं होऊन पुन्हा उचललं जातं, आणि उरलेले सगळे परत हवेत. पायलटनं “आता उतरा” म्हणेपर्यंत, आणि तेही एकेक करून, कोणीही पाय बाहेर टाकायचा नाही.

पायलट उतरण्याची स्थिती घ्यायला सांगतो, ती उड्डाणाआधी जमिनीवरच एकदा करून बघा. बलून ज्या दिशेनं जातंय तिकडे पाठ, पाठ आणि डोकं टोपलीच्या कडेला टेकलेलं, गुडघे वाकवलेले, दोन्ही हातांनी आतल्या दोरीच्या मुठी घट्ट. हात टोपलीच्या बाहेर नाहीत, फोन खिशात. बलूनच्या अपघातांत घोटा आणि पाय मोडण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि ताठ पायांनी बसलेला दणका हे त्यातलं नेहमीचं कारण. शांत वाऱ्यात कसलेले पायलट टोपली थेट ट्रेलरवर टेकवतात. वारा असेल तर टोपली एक-दोनदा आपटते, घसटत जाते, कधी आडवीही होते. आडवी झाली तरी मुठी सोडायच्या नाहीत.

म्हणूनच गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली माणसं, हाडं ठिसूळ असलेले किंवा गुडघे बदललेले आजी-आजोबा यांनी हौसेपोटी चढू नये. सहा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. वजन १२० किलोच्या वर असेल तर आधी कळवा. गाडीत बसल्यापासून परत येईपर्यंत तीन तास धरा. टोपलीत स्वच्छतागृह नसतं, त्यामुळे पहाटे दोन-दोन कप चहा नको. मधुमेह असेल तर कंपनीच्या बिस्किटांवर विसंबू नका, घरचा एक लाडू किंवा दोन खजूर खिशात ठेवा.

लाल खूण लागलीच तर

तिथल्या तिथं हॉटेलवाल्याला उद्याच्या यादीत नाव घालायला सांगा. नऊ वाजेपर्यंत वाट पाहिलीत तर जागा भरतात. कायसेरी विमानतळ गोरेमेपासून साधारण ७५ किलोमीटर आहे, त्यामुळे राखीव पहाटेच्या दिवशी दुपारी बाराच्या आतलं विमान ठेवू नका. सहलीत पुढे पामुक्कले असेल, तर तिथंही बलून उडतात, तीही एक संधी.

आणि गाडी परत हॉटेलकडे वळली म्हणून झोपायला जाऊ नका. बूट पायात आहेतच. गोरेमेजवळच्या गुल्लूदेरेत, म्हणजे गुलाबी दरीत, पायवाटा आहेत आणि पहाटे तिथं चिटपाखरू नसतं. वारा फक्त गार असेल तर खुशाल जा. पावसाचा असेल तर मऊ दगडाची वाट निसरडी होते, तेव्हा मात्र थांबा.