जुना गार्डन ट्रॅक्टर: निवड आणि पुनर्बांधणी

जुना गार्डन ट्रॅक्टर घेताना इंजिन बंद असले तरी हरकत नाही, पण यंत्र अपुरे असता कामा नये. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत बनलेल्या या छोट्या ट्रॅक्टरांची इंजिने बहुधा बिडाची असतात, त्यांचे पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट आजही मिळतात आणि झिजलेल्या भागांवर लेथचे काम करून घेता येते. याउलट हरवलेले बॉनेट, तडकलेली पुढची जाळी किंवा अवजाराला चाल देणारी पुलीची जोडणी शोधायची, तर तेवढ्यासाठी बहुधा त्याच मॉडेलचा दुसरा ट्रॅक्टर विकत घ्यावा लागतो. म्हणून रंग उडालेले, गंजाने तांबूस झालेले, पण सर्व भाग जागेवर असलेले यंत्र नव्या रंगाने चकाकणाऱ्या अपुऱ्या यंत्रापेक्षा केव्हाही पत्करावे. नांगर, बर्फ ढकलण्याचे पाते किंवा गवत कापण्याचा डेक सोबत मिळत असेल तर तो सोडू नये, कारण जमिनीत चालणारी अवजारे ओढण्याइतकी मजबूत चेसिस हेच गार्डन ट्रॅक्टरचे वैशिष्ट्य आहे आणि साध्या लॉन ट्रॅक्टरहून तो तिथेच वेगळा ठरतो.

संग्राहकांच्या पसंतीची तीन नावे आधी ओळखून घ्यावीत. व्हील हॉर्स ही कंपनी १९४६ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे सुरू झाली आणि १९८६ मध्ये टोरोने ती विकत घेतली. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६० च्या दशकाच्या आरंभी कब कॅडेट बाजारात आणला. त्याच्या मागच्या गिअरबॉक्सची घडण त्याच कंपनीच्या फार्मॉल कब या शेती ट्रॅक्टरवरून घेतलेली होती, आणि आजही इतके कब कॅडेट चालू स्थितीत आढळतात त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या गिअरबॉक्सला द्यावे लागते. जॉन डिअरचा ११० हा १९६३ चा. या तिन्ही घराण्यांच्या त्या काळातील अनेक मॉडेलांत कोहलरचे के-मालिकेतील एक सिलिंडरचे इंजिन आढळते. त्यात के२४१ हे १० अश्वशक्तीचे, के३०१ हे १२, के३२१ हे १४ आणि के३४१ हे १६ अश्वशक्तीचे. पहिलाच ट्रॅक्टर घेणाऱ्याने यांपैकी एखाद्या इंजिनाचे, साध्या गिअरचे मॉडेल निवडावे असे मला ठामपणे वाटते. हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) चालीचे ट्रॅक्टर चालवायला सुखाचे असतात खरे, पण त्यांचा पंप आतून झिजलेला निघाला तर तो दुरुस्त करणे नवशिक्याच्या आवाक्यातले काम नसते.

पाहणी करताना पुढची चाके जमिनीवरून उचलून हाताने आडवी-उभी हलवून पाहावीत. ॲक्सलची मधली पिन आणि चाकांचे बुश (आतली नळीसारखी अस्तरे) किती ढिले झाले आहेत ते तेव्हाच कळते. इंजिन जिथे बोल्टने बसते तिथे चेसिसला तडे गेले आहेत का, हे टॉर्च धरून नीट पाहावे. कब कॅडेटच्या १९७० च्या दशकातील काही मॉडेलांत इंजिन रबरी बैठकीवर असे; ते रबर खचले की इंजिन हेलकावते आणि आसपासचे भाग फुटतात. इंजिनाचा क्रमांक हवेच्या पत्र्याच्या आवरणावर चिकटवलेल्या पट्टीवर असतो, पण ते आवरण एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर सहज बसते. तेव्हा पट्टीवर के३२१ लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये. हेड (सिलिंडरवरचे झाकण) उघडल्यावर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजून खात्री करावी. के३२१ चा मूळ बोअर ३.५ इंच, तर के३०१ चा ३.३७५ इंच असतो.

यंत्र घरी आल्यावर लगेच स्टार्टर फिरवण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या इंजिनात रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असू शकतात, आणि जोर लावून फिरवल्यास ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड किंवा पिस्टनचा काठ मोडतो. के-मालिकेत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असल्यामुळे हेड म्हणजे केवळ एक झाकण असते. बोल्ट सोडले की ते निघते. बोल्ट हलत नसेल तर पान्ह्याला पाइप जोडून ताकद लावू नये, मोडलेला बोल्ट काढणे फार जिकिरीचे होते. गंज सोडवणारे तेल टाकून एक रात्र थांबावे, बोल्टच्या भोवतीचे बीड तापवावे आणि पुढे-मागे असे थोडे थोडे फिरवावे. पिस्टन अडकलेला असेल तर सिलिंडरमध्ये तेच तेल ओतून काही दिवस मुरू द्यावे, मग लाकडी ठोकळा पिस्टनवर ठेवून हलक्या हातोडीने ठोके द्यावेत. पिस्टन केसभर सरकला की अर्धे काम झाले असे समजावे.

पिस्टन बाहेर आल्यावर बोअर वर, मध्ये आणि खाली, तसेच दोन काटकोनी दिशांनी मोजावा. रिंगा जिथवर जातात त्या वरच्या कडेशी नखाला पायरी जाणवत असेल, तर नुसत्या नव्या रिंगा घालून भागणार नाही. सिलिंडर बोअर करून ०.०१०, ०.०२० किंवा ०.०३० इंच मोठा पिस्टन घालावा. क्रँकपिन (क्रँकशाफ्टवर कनेक्टिंग रॉड बसतो तो भाग) झिजली असेल तर ती घासून ०.०१० इंच लहान मापाचा रॉड बसवता येतो. १० अश्वशक्ती आणि त्यावरील अनेक के-इंजिनांत कंप कमी करण्यासाठी आत दोन बॅलन्स गिअर असतात. त्यांचे बेअरिंग झिजून एखादा गिअर सुटला तर तो इंजिनाचा ब्लॉक आतून फोडतो. त्यामुळे अनेक जाणकार पुनर्बांधणीच्या वेळी ते काढून टाकतात. थोडा जास्त कंप सहन करून बिडाचा ब्लॉक वाचवणे मलाही शहाणपणाचे वाटते. हेड परत बसवण्यापूर्वी ते सपाट काचेवर ठेवून कडेने फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) घालून पाहावे, आणि वाकलेले असल्यास काचेवरच पॉलिश पेपर ठेवून गोलाकार घासत सपाट करावे.

इग्निशन हा या इंजिनांचा सर्वांत दुर्लक्षिलेला भाग आहे. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) ब्लॉकच्या बाहेर असतात आणि कॅमवर चालणारी एक छोटी काडी त्यांना उघडते. ते उघडल्यावरचे सर्वसाधारण अंतर ०.०२० इंच सांगितले जाते, पण अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते, म्हणून फीलर गेजवर थांबू नये. फ्लायव्हीलवर टी आणि एस अशा दोन खुणा असतात. टी म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाची जागा आणि एस म्हणजे ठिणगी पडण्याची. पॉइंटची वायर कॉइलपासून सोडवून पॉइंट आणि चेसिस यांच्यामध्ये मीटर लावावा, फ्लायव्हील हाताने चालीच्या दिशेने हळूहळू फिरवावे, आणि एस ची खूण खिडकीतील रेषेवर येताच मीटर जोडणी तुटल्याचे दाखवेल असे पॉइंट बसवावेत. असे केल्यावर अंतर ०.०२० पासून थोडे इकडेतिकडे झाले तरी चालेल. इंजिन किती सहज चालू होते यावरून फरक लगेच जाणवतो.

कार्बोरेटर उघडून स्वच्छ करावा, पेट्रोलच्या नळ्या सरसकट नव्या टाकाव्यात. थ्रॉटलची दांडी भोकात डुगडुगत असेल तर तिथून हवा शिरते आणि कितीही स्क्रू फिरवले तरी इंजिन संथ गतीवर स्थिर राहत नाही. अशा वेळी बुश बसवून घेणे हाच उपाय.

बऱ्याच जुन्या मॉडेलांत स्टार्टर आणि जनरेटर एकाच यंत्रात असतात आणि पट्ट्यावर चालतात. तो खोलून परत बसवला, किंवा रेग्युलेटर (चार्जिंग आवरणारा भाग) बदलला, तर इंजिन चालू करण्यापूर्वी रेग्युलेटरवरील बॅटरी आणि जनरेटर या दोन टोकांना वायरचा तुकडा क्षणभर टेकवून जनरेटरची ध्रुवीयता (धन-ऋण दिशा) ठरवून घ्यावी लागते. जोडणी मात्र आधी त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून ताडून पाहावी.

गंज काढण्यासाठी पत्र्याला आणि बिडाला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून केलेल्या विद्युत अपघटनाइतका सौम्य मार्ग दुसरा नाही. प्लास्टिकच्या पिंपात सोड्याचे पाणी घेऊन गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साधे लोखंड धन टोकाला जोडावे. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात टाकल्यास खराब होतात. प्रक्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून काम उघड्यावर करावे आणि पकडी जोडण्या-काढण्यापूर्वी चार्जर बंद करावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा न घासता ओला घासावा; ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून ती धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

रंग सर्वांत शेवटी, आणि तोही गरज असेल तरच. कारखान्यातला मूळ रंग व त्यावरच्या अक्षरपट्ट्या निम्म्या जरी टिकल्या असतील, तरी त्या धुऊन, सौम्य पॉलिश करून तशाच ठेवाव्यात असे माझे मत आहे, कारण तो रंग एकदा खरवडला की परत आणता येत नाही. नवा रंग देणे भागच असेल तर आधी संपूर्ण ट्रॅक्टर जोडून, चालवून, गळती आणि खडखड दूर करून घ्यावी. रंगवल्यानंतर गिअरबॉक्सचे सील गळते असे लक्षात आले तर सगळे पुन्हा उतरवावे लागते.

नव्या रिंगांचे इंजिन पहिल्यांदा चालू केल्यावर ते फार वेळ संथ चालवत ठेवू नये. थोडे तापले की मध्यम भार द्यावा, म्हणजे रिंगा सिलिंडरवर नीट बसतात, आणि पहिले तेल काही तासांतच बदलावे. या ट्रॅक्टरांना अनेकदा सीटखालचा सुरक्षा खटका नसतो, म्हणजे चालक उतरला तरी अवजार फिरतच राहते. पाते असलेला डेक जोडण्यापूर्वी असा खटका बसवून घ्यावा आणि तो इग्निशनच्या वायरीला जोडावा. मूळ वायरिंग न कापता वेगळ्या जोडणीने हे करता येते, त्यामुळे यंत्राचे जुनेपणही बिघडत नाही.