सहा मिनिटांची चालचाचणी: फुफ्फुसाच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना

सहा मिनिटांत पेशंट किती अंतर चालतो हे मोजायला लागतं थोडंच: 30 मीटरचा सपाट, सरळ कॉरिडॉर, दोन्ही टोकांना खुणेसाठी शंकू (कोन), स्टॉपवॉच, पल्स ऑक्सिमीटर आणि हाताशी एक खुर्ची. कॉरिडॉर आखूड असला की वळणं वाढतात, प्रत्येक वळणावर वेग मोडतो आणि अंतर कमी भरतं. त्यामुळे 20 मीटरवरचा आकडा 30 मीटरवरच्या आकड्याशी ताडू नका.

आधी पेशंटला 10 मिनिटं बसू द्या. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन लिहा. दम आणि थकवा 0 ते 10 च्या बोर्ग मापावर (0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे सर्वांत जास्त) विचारा. गेल्या महिन्यात हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर चाचणी करू नका. बसल्या जागी नाडी 120 च्या वर असेल किंवा आजार हाडांत पसरला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सूचना एवढीच: “सहा मिनिटांत जमेल तितकं जास्त अंतर चाला. पळू नका. दम लागला तर थांबा, भिंतीला टेका, जमेल तेव्हा पुन्हा निघा.” पेशंट थांबला तरी घड्याळ थांबवायचं नाही. त्याच्या बरोबरीने चालू नका, तो नकळत तुमचा वेग धरतो. दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य बोला, नातेवाइकांनी “अजून जोरात!” म्हटलं की अंतर वाढतं आणि आकडा बिघडतो. ऑक्सिजन 80 टक्क्यांखाली गेला, छातीत दुखलं किंवा तोल जाऊ लागला, तर लगेच बसवा. नेलपॉलिश किंवा गार बोटांमुळेही ऑक्सिमीटर चुकतो, तेव्हा बोट आधीच पाहून घ्या.

पहिल्या वेळी चाचणी दोनदा घ्या, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, आणि मोठं अंतर धरा. दुसऱ्यांदा बहुतेक जण सरावानेच जास्त चालतात. ही पायरी गाळली, तर पुढच्या वेळी तोच सराव सुधारणा म्हणून नोंदला जातो.

केमो चालू असेल तर प्रत्येक वेळी केमोच्या सायकलचा (एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतच्या काळाचा) तोच दिवस पकडा. पुढच्या डोसच्या आधीचा दिवस सोयीचा. डोसनंतरच्या थकव्यातला आकडा वेगळंच काही सांगतो. शेजारी हिमोग्लोबिनही लिहा, कारण रक्त कमी झालं की फुफ्फुस तेवढंच असूनही चाल घटते. नळीने ऑक्सिजन चालू असेल तर प्रवाह दर वेळी तोच ठेवा आणि सिलिंडर कोण ओढतं हेही नोंदवा. आधीच्या चाचणीपेक्षा अंतरात 30 मीटरच्या आसपास फरक पडला तर दखल घ्या. पाच-दहा मीटरवर चर्चा नको.

चालणं शक्यच नसेल तर 43 सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधायला सांगा आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. सिस्प्लॅटिन किंवा पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांनी तळपाय बधिर झाले असतील तर बाजूला माणूस उभा हवाच.