मोटरहोम डुलते? पाटा वाढवण्याआधीची तयारी

कसारा घाटात मोटरहोम डुलली असं सांगितलं की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, ‘मागं एक पाटा वाढवून टाकू.’ पाटा म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. थांबा. आधी वजन करून घ्या. प्रवासाला भरता तशीच गाडी भरायची, पाणी, डिझेल, सिलिंडर, घरची मंडळी, सगळ्यांसकट. मग नाशिकमध्ये अंबड किंवा सातपूरकडच्या एखाद्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची. आलेले आकडे कंपनीने दिलेल्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मर्यादेशी ताडून पाहा.

बहुतेक वेळा दुखणं इथेच सापडतं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. ती टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवली असेल, तर शेपूट दबतं आणि नाक उचललं जातं. स्टिअरिंग हलकं लागतं, शेजारून ट्रक गेला की गाडी भरकटते. अशा गाडीला पाटे वाढवून फक्त हादरे वाढतील. टाकी पुढे घ्या, बॅटऱ्या दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणि खाली आणा, छतावरचं ओझं कमी करा. खर्च जवळजवळ शून्य, म्हणून कुणी सुचवत नाही!

टायरची हवा गाडी थंड असताना, वजनाप्रमाणे.

आता गाडीखाली. जागा सपाट आणि पक्की हवी, चाकांना ठोकळे, आणि गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, हात घालायलासुद्धा नाही. टॉर्चच्या उजेडात शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आणि पाट्यांच्या कडांवरच्या बारीक चिरा पाहा. शॉकअपवर तेल ओघळून धूळ चिकटलेली दिसली तर तो गेला. बदलताना जोडीनेच बदला. रबरी बुश टाकले तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर. गाडी अधांतरी असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

एवढं करूनही मागची बाजू बसत असेल तरच एअर बॅगचा, म्हणजे पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या फुग्यांचा विचार. डाव्या-उजव्या बॅगेची नळी वेगळी ठेवा, नाहीतर वळणावर एकीतली हवा दुसरीत जाते आणि डुलणं उलट वाढतं. बॅगेने उंची सावरते, गाडीची वजन पेलायची मर्यादा तेवढीच राहते. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून ब्रेकच्या वॉल्व्हला एक दांडी जोडलेली असते. मागचा भाग उचलला की त्या वॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. ती दांडी दिसली तर तिची सेटिंग जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. चॅसिसला वेल्डिंग किंवा ड्रिल करायचा विचार असेल तर आधी पेठ रोडच्या आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल सहसा चालत नाही.

एका वेळी एकच बदल, मग त्र्यंबक रोडवर त्याच वेगाने तीच फेरी. दोन गोष्टी एकदम केल्या तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट उघडले असतील तर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा, अलाइनमेंट करून घ्या, हेडलाइटचा झोत भिंतीवर पाहून बसवा. कसारा त्यानंतर.