शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढताना या चुका टाळा

केमोथेरपीची बहुतेक औषधे रुग्णाच्या शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वॉर्डात सगळे ज्याला बीएसए म्हणतात त्यावर, मोजून दिली जातात. हे क्षेत्रफळ प्रत्यक्ष कोणी मोजत नाही. उंची आणि वजन यांवरून ते अंदाजाने काढले जाते. आज सर्वाधिक वापरात असलेले सूत्र मोस्टेलर यांनी १९८७ मध्ये दिले: सेंटिमीटरमधील उंचीला किलोमधील वजनाने गुणायचे, ३६०० ने भागायचे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढायचे. १६० सेंटिमीटर उंची आणि ६० किलो वजन असेल तर उत्तर १.६३ चौरस मीटर येते. एवढ्या साध्या गणितात चुकण्यासारखे काय आहे, असे नवीन मुलांना वाटते. गणितात फारसे काहीच नाही. गोव्यात केमोची औषधे तयार करण्याच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर मी ठामपणे सांगू शकते की दहातल्या नऊ चुका सूत्राच्या आत जाणाऱ्या त्या दोन आकड्यांत असतात, आणि त्यातही उंचीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

उंची विचारून लिहू नये, ती मोजावी. आपल्याकडे माणूस आपली उंची फूट-इंचांत सांगतो, आणि तिथूनच घोटाळ्याला सुरुवात होते. सत्तरीकडचे एक गृहस्थ लिंफोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, उपचारासाठी येत असत. त्यांच्या कागदावर उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ७० किलो लिहिलेले होते, आणि आधीच्या सायकलच्या (केमोच्या एका फेरीला सायकल म्हणतात) कागदांवरही हेच आकडे होते. औषध नेऊन देताना माझे लक्ष त्यांच्या पायांकडे गेले. उशीवर डोके टेकून ते सरळ निजले होते आणि त्यांच्या टाचा खाटेच्या पायथ्याच्या लोखंडी पट्टीला लागल्या होत्या. १५५ सेंटिमीटरच्या माणसाचे पाय तिथपर्यंत पोहोचत नाहीत. मी सिस्टरना म्हटले, "काकांना जरा भिंतीशी उभे करूया." मोजल्यावर उंची १७८ भरली. मागे शोध घेतला तेव्हा कळले की त्यांनी पहिल्या दिवशी "पाच फूट दहा इंच" असे सांगितले होते, लिहिणाऱ्याने ते ५.१० असे लिहिले, आणि पुढच्याने मोबाइलवरील अॅपमध्ये ते दशांश फूट म्हणून भरले. पाच पूर्णांक एक दशांश फूट म्हणजे १५५ सेंटिमीटर. अॅपने दिलेल्या माहितीवर अचूक उत्तर दिले होते.

या फरकाने बीएसए १.८६ ऐवजी १.७४ धरला गेला. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचे औषध चौरस मीटरला ७५० मिलिग्रॅम या हिशेबाने दिले जात होते, म्हणजे प्रत्येक वेळी सुमारे ९० मिलिग्रॅम कमी. डॉक्सोरुबिसिनही त्याच प्रमाणात कमी. सहा-साडेसहा टक्क्यांनी काय होते, असे मला त्या दिवशी विचारले गेले. मात्रा जास्त झाली तर रक्तपेशी घसरतात, ताप येतो, रुग्ण पुन्हा दाखल होतो आणि सर्वांना कळते. मात्रा कमी पडली तर रुग्णाला उलट बरे वाटते, तक्रार घेऊन कोणी येत नाही, आणि बरा होऊ शकणारा आजार अपुऱ्या औषधावर चालू राहतो. म्हणून मला कमी मात्रेची चूक अधिक गंभीर वाटते. माझ्यापुरता मी नियम केला आहे: कागदावर फूट-इंच दिसले की तो कागद परत जातो, मग कितीही घाई असो. उंची सेंटिमीटरमध्ये, चपला काढून, टाचा आणि पाठ भिंतीला लावून मोजलेली हवी, आणि तिच्यासमोर मोजल्याची तारीख हवी. वाकलेल्या पाठीच्या आजींची दहा वर्षांपूर्वीची उंची आज चालत नाही.

वजनाची गोष्ट निराळी आहे, कारण ते बदलते. मागच्या सायकलचे वजन उतरवून काढणे हा आळस मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. १५८ सेंटिमीटर उंचीच्या बाईंचे वजन उपचारादरम्यान ६२ वरून ५१ किलोवर आले, तर बीएसए १.६५ वरून १.५० वर येतो. जुन्याच आकड्यावर औषध गेले तर ते दहा टक्के जास्त होते, आणि तेही आधीच खंगलेल्या शरीरात. याच्या उलट बाजूला जलोदर आणि पायांवरची सूज आहे. अंडाशयाच्या कर्करोगात पोटातून चार लिटर पाणी काढले की काट्यावर चार किलो उतरतात, पण सकाळी पाणी काढण्याआधी घेतलेले वजन दुपारी तसेच कागदावर राहते. पाणी काढल्यावर पुन्हा वजन घ्यावे आणि दोन्ही आकडे डॉक्टरांसमोर ठेवावेत. कोणता धरायचा हे त्यांनी ठरवावे. पावसाळ्यात पेडण्याहून किंवा दोडामार्गाहून सकाळच्या पहिल्या बसने आलेला माणूस ओल्या कपड्यांत, बुटांसकट आणि खिशातल्या सामानासकट काट्यावर उभा राहतो, हेही पाहण्यासारखे आहे.

दुसरी चूक जिच्याबद्दल मला वारंवार बोलावे लागते ती कार्बोप्लॅटिनची. हे औषध बीएसएवर दिले जात नाही. कॅल्व्हर्ट यांच्या सूत्राप्रमाणे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगात २५ मिळवून त्याला ठरवलेल्या एयूसीने, म्हणजे रक्तात एकूण किती औषध राहावे याच्या लक्ष्याने, गुणायचे असते. इथे बीएसए मागच्या दाराने आत येतो, आणि तोच विसरला जातो. प्रयोगशाळेचा ईजीएफआर, म्हणजे गाळण्याचा अंदाजे वेग, १.७३ चौरस मीटर शरीराला जुळवून छापलेला असतो, तर या सूत्राला त्या रुग्णाचा प्रत्यक्ष वेग हवा असतो. १४८ सेंटिमीटर आणि ४६ किलोच्या बाईंचा बीएसए १.३८ आहे. रिपोर्टवर ९० असेल तर त्याला १.३८ ने गुणून १.७३ ने भागावे लागते, म्हणजे प्रत्यक्ष वेग ७२ येतो. एयूसी ५ साठी ४८५ मिलिग्रॅम हवे असताना रिपोर्टवरचे ९० तसेच घातले तर ५७५ होतात. आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांत हा फरक नेहमीच जास्तीच्या बाजूला जातो, म्हणून रिपोर्टवर १.७३ दिसले की मी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढते.

लहान बाळांत बीएसए वापरण्याआधी प्रोटोकॉल, म्हणजे उपचाराची ठरलेली लेखी योजना, पुन्हा वाचावा. वजनाच्या मानाने बाळाचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे दहा-बारा किलोंच्या खाली अनेक प्रोटोकॉल किलोवर मात्रा सांगतात. आठ किलो आणि सत्तर सेंटिमीटरच्या बाळाला व्हिन्क्रिस्टिन चौरस मीटरला १.५ मिलिग्रॅमने काढले तर सुमारे ०.६ मिलिग्रॅम येते, किलोला ०.०५ ने काढले तर ०.४. दीडपट औषध म्हणजे किरकोळ फरक नव्हे.

लठ्ठ रुग्णांत बीएसए २ वर अडवण्याची, म्हणजे जास्त आला तरी २ च धरण्याची, जुनी सवय सोडावी. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच प्रत्यक्ष वजनावर पूर्ण मात्रा देण्याची शिफारस केली आहे. व्हिन्क्रिस्टिनची २ मिलिग्रॅमची मर्यादा ही वेगळी बाब आहे, ती त्या औषधाची आहे.

सूत्र मध्येच बदलू नये. ड्यूबॉइस यांचे १९१६ चे सूत्र अवघ्या नऊ माणसांच्या मोजमापावर उभे होते, तरी १६० सेंटिमीटर आणि ६० किलोला ते १.६२ देते आणि मोस्टेलरचे १.६३, कोणतेही चालेल, पण एका रुग्णाला एकच.

वर्गमूळ काढायचे राहून जाते, तेव्हा १.६३ ऐवजी २.६७ येतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांचा बीएसए १.३ ते २.१ च्या दरम्यान असतो, दहा वर्षांच्या मुलाचा एकच्या आसपास, नवजात बाळाचा पाव चौरस मीटरहूनही थोडा कमी. हे आकडे तोंडपाठ नसलेल्याच्या हाती मी अॅप देत नाही. आधी कागदावर हाताने करून दाखवायचे, मग अॅपने पडताळायचे.

मधल्या टप्प्यावर आकडे गोल करू नयेत. १.५५ चे १.६ केले, मग मात्राही वर गोल केली, की दोन्ही चुका एकाच दिशेने साठतात. गोल करायचेच तर शेवटच्या मिलिग्रॅमला, आणि रुग्णालयाच्या लेखी नियमानुसार.

भाजलेल्या रुग्णाच्या कागदावरील टीबीएसए म्हणजे भाजलेल्या भागाची टक्केवारी असते. ती या सूत्रांत घालायची नसते.